बुडाची मूठ

मडके हलके लागले आणि आतल्या खोलीतले सगळे आवाज एकाएकी थांबले.

जिजींनी ते फळीवरून उतरवून घेतले होते. दर रविवारी जेवणांच्या आधी घेत तसेच, दोन्ही हातांनी, झोपलेले मूल पाळण्यातून उचलावे तसे. इतक्या वर्षांत त्यांच्या हातांना त्या वजनाची सवय झालेली. आज मडके आले, वजन आले नाही. पायरी असेल म्हणून टाकलेले पाऊल पोकळीत पडावे तसे त्यांचे हात क्षणभर अधांतरी राहिले. मग त्या होत्या तिथेच खाली बसल्या. मडके मांडीवर घेतले. तोंडावरचे फडके दोरीने घट्ट बांधलेले होते. त्यांनी ते सोडले नाही.

पाटावर बसलेल्या त्यांच्या थोरल्या मुलाने, त्र्यंबकने, तोंडाशी नेलेले पाण्याचे भांडे खाली ठेवले. त्याची बहीण चित्रा ताटे मांडत होती. शेवटचे ताट तिच्या हातातच राहिले. धाकटा हरिहर दाराच्या चौकटीला पाठ लावून उभा होता, त्याने मान वळवली आणि मागच्या अंगणात काही पाहण्यासारखे आहे अशा रीतीने तो तिकडे पाहू लागला. आणि मंदाकिनी, या घरची एकुलती एक सून, चुलीपुढे बसली होती. तव्यावरची भाकरी उलटायचे भान तिला उरले नव्हते.

भाकरी करपू लागल्याचा वास आला तेव्हा तिचा हात आपोआप पुढे झाला. मागे विहिरीवर शेजारच्या कुणीतरी पोहरा सोडला. दोर घसरत गेल्याचा लांबलचक आवाज आला आणि खूप खाली पाण्याने तो गिळला.

"जवस कुठं गेलं?" जिजींनी विचारले. प्रश्न कुणा एकाला नव्हता. तो मडक्यालाच विचारल्यासारखा होता.

"मी कुटलं, जिजी," मंदाकिनी म्हणाली.

"कधी?"

"तुम्ही परवा वन्संकडे कल्याणला गेला होतात तेव्हा."

त्र्यंबकला अवघड शांतता सहन होत नसे. ऑफिसात साहेबांपुढेही तो अशा वेळी काहीतरी विनोद करून बसे. त्याने हात लांबवून कोनाड्यातला पितळी डबा पुढे ओढला, झाकण उघडले आणि म्हणाला, "अरे वा! काठोकाठ! निदान आज तरी चमच्यानं मोजून वाढायला नको."

कुणी हसले नाही. डब्यातून भाजलेल्या जवसाचा, लसणाचा आणि सुक्या मिरचीचा वास वर आला आणि खोलीभर पसरला. तो वास गावाकडचा, माळशिंग्याचा होता. डोंबिवलीच्या या दोन खोल्यांत, जिथे भिंतींना पावसाळाभर ओल येई आणि मिठालाही पाणी सुटे, तिथे तो नेहमीच परक्यासारखा, कोरडा आणि उन्हात तापलेला वाटे. लग्न होऊन आली तेव्हा मंदाकिनीला तो आवडलाही नव्हता. ठाण्याला नौपाड्यात तिच्या माहेरी सगळ्या चवी ओल्या. खवलेला नारळ, कोकम, कुळथाचे पिठले. जवस म्हणजे गुरांच्या पेंडीचे काहीतरी, एवढेच तिला ठाऊक होते. आता या वासाशिवाय रविवार उजाडला असे तिला वाटत नसे, आणि हे तिने कुणालाही कधी सांगितले नव्हते.

"सगळं?" चित्राने ताट खाली ठेवले. जरा जोरातच ठेवले. "वहिनी, सगळंच्या सगळं कुटलंत?"

"हो," मंदाकिनी म्हणाली.

"सात वर्षं झाली तुम्हाला या घरात येऊन. आमच्यात कुटलेलं कुणाला देतात ते तुम्हाला माहीत नाही, असं म्हणू नका हं."

माहीत होते. घळसाशांच्या घरात ती रीत कुणी शिकवत नसे, ती हवेतच असे. राहणाऱ्याचे जवस सबंध, जाणाऱ्याचे कुटलेले. जवस सबंध असते तोवर त्याला काही होत नाही. चांगले ऊन दाखवून, पुरते गार करून, वर कडुलिंबाचा वाळलेला पाला घालून ठेवले की वर्षामागून वर्षे ते आपल्या तकतकीत सालीत निजून राहते. एकदा ठेचले की त्याला वारा लागतो, तेल सुटते, आणि थोड्या दिवसांत ते खवट होते. म्हणून घरात असणाऱ्या माणसांपुरती एक मूठ, त्या त्या आठवड्याची, तेवढीच भाजायची आणि कुटायची. डबा भरून चटणी होई ती फक्त कुणी लांबच्या वाटेला लागत असेल तर. चित्रा सासरी निघाली तेव्हा झाली होती. वडिलांचे, म्हणजे अण्णांचे, तेरावे आटोपल्यावर हरिहर घर सोडून गेला तेव्हा झाली होती. भरलेला डबा या घरात निरोपाचे बोलणे बोलत असे, आणि आज तो कुणी बोलायच्या आधीच बोलून गेला होता.

"कुणासाठी गं कुटलंस?" जिजींनी विचारले. आवाजात राग नव्हता. तो असता तर मंदाकिनीला बरे वाटले असते.

ती हरिहरकडे पाहणार होती. पाहिले नाही. तव्यावरची काळी भाकरी तिने काढून बाजूला ठेवली आणि नवी थापायला घेतली. पीठ परातीत फिरू लागले, आणि त्या थापांच्या आवाजाआड तिला थोडा वेळ लपता आले.

त्याने शब्द घेतला होता. गुरुवारी, याच मागच्या दारी, ती धुणे वाळत घालत असताना. रजा घेऊन तो आला त्याला पंधरवडा होत आला होता, आणि सगळ्या पंधरवड्यात एकच विषय घरात फिरत होता, माशी फिरावी तसा, कुणाच्याही अंगावर न बसता. नव्या कायद्याने माळशिंग्याची जमीन ती कसणाऱ्या कुळाकडे, धाकूकडे, जाणार होती. डिसेंबर संपायच्या आत सरकारात कळवले, की आमच्या घरचा माणूस येऊन स्वतः कसणार आहे, तर अर्धी राहू शकत होती. त्र्यंबक नोकरीत अडकलेला. उरला हरिहर. त्याला पाहिल्या दिवसापासून जिजी हिंडत्या-फिरत्या झाल्या होत्या. गावाकडच्या जळक्या घराचे जोते अजून शाबूत आहे, धाकू त्यावर छप्पर घालून द्यायला तयार आहे, असे भिंतीशीसुद्धा बोलत होत्या. आणि हरिहर प्रत्येक वेळी म्हणत होता, बघू.

"वहिनी, एक मागू का?" तो त्या दिवशी म्हणाला होता.

"मागा की, भावजी."

"मडक्यातलं जवस मला कुटून द्या. सगळं."

ओले धोतर तिच्या हातात तसेच राहिले होते. "म्हणजे तुम्ही..."

"मी तिकडं धरणावर कायमची नोकरी घेतलीय. जिजीला मीच सांगेन. रविवारी चित्राताई आली की सांगतो. तोवर तुम्ही बोलू नका."

मग तो विहिरीच्या कठड्यावर टेकला होता आणि पाण्याकडे बघत हळूहळू बोलला होता, तिच्याशी की स्वतःशी ते तिला कळले नव्हते. "महानदीवर आम्ही पाणी अडवतोय ना, वहिनी, ते चढत येतं तशी गावं खाली जातात. माणसांना उठवायच्या वेळी मी तिथं असतो. निघताना कोण काय उचलतं, ते मी पाहतो. एक म्हातारा दाराचा उंबरठा उपटून डोक्यावर घेऊन चालला होता. एका बाईनं नुसतं कुलूप नेलं. घर पाण्यात गेलं आणि कुलूप तिच्या कमरेला." तो थोडे हसला होता. "मला आमची जिजीच दिसली. पेटलेल्या घरातून जवसाचं मडकं घेऊन बाहेर येणारी."

ती गोष्ट मंदाकिनीने इतक्या वेळा ऐकली होती की आपणही त्या रात्री तिथे होतो असे तिला वाटे. अठ्ठेचाळीसच्या फेब्रुवारीत, दिल्लीची ती बातमी आल्यावर, गावोगाव ब्राह्मणांची घरे पेटली त्यांत घळसाशांचेही पेटले. अण्णांनी ओरडून सांगितले, देव घ्या, देव घ्या. धुरात काही दिसत नव्हते. जिजींनी चाचपडत देव्हाऱ्याशेजारचे जे हाताला लागले ते कवटाळले आणि त्या धावत सुटल्या. धाकूच्या कडब्याच्या गंजीआड पोचल्यावर पाहिले तो कुशीत जवस. देव राहिले आत आणि जवस आले बाहेर, असे त्र्यंबक नंतर थट्टेने म्हणे. जिजीही हसत. पण त्या मडक्याची त्या दिवसापासून त्यांनी जी सेवा केली ती देवाचीच होती.

"ते जवस आहे ना," हरिहर पुढे म्हणाला होता, "ते आपल्या रानातलं शेवटचं. यापुढं येईल ते धाकूचं असेल. चांगलंच असेल, पण आपलं नसेल. म्हणून मागतो."

तिने हो म्हटले होते. आणि परवा दुपारी, घरात कुणी नसताना, लोखंडी कढईत जवस तडतडू लागले, एकेक दाणा उडून हाताच्या पाठीवर बसू लागला, आणि ती बत्ता उचलू लागली, तेव्हा मनाच्या अगदी आतल्या कप्प्यात तिला एक चोरटे, उबदार समाधान वाटले होते. हरिहर गेला तर जिजी कुठे जाणार नाहीत. त्या इथेच राहतील, या ओल्या भिंतींत, तिच्याजवळ. ते समाधान तिने ओळखले, आणि त्याच क्षणी बत्ता अधिक जोराने आपटला.

"मी काय म्हणते," चित्रा आता कमरेला पदर खोचून उभी होती, "वहिनींना गावाचं प्रकरण एकदाचं मिटवायचंय. दादालाही तेच हवंय. मडकं रिकामं झालं की जिजी कशाच्या जिवावर गावाला जाणार? एवढा साधा हिशेब आहे."

"चित्रे, तोंड आवर," त्र्यंबक म्हणाला.

"का आवरू? तू तरी एकदा म्हणालास का, जिजी, तू जा, मी पाहतो इकडचं?"

"मी कशाला म्हणू? बासष्ट वर्षांची बाई तिथं छपराखाली राहील आणि मी इथं ऑफिसात पंख्याखाली बसेन? लोक काय म्हणतील?"

"लोकांचंच पडलंय तुला."

"तुझं काय जातं गं बोलायला? रविवारी येतेस, पाहुणचार घेतेस, आईच्या गळ्यात पडून रडतेस आणि संध्याकाळी कल्याणला. तिला रात्री खोकला येतो तेव्हा काढा कोण देतं? मी? नाही. ही देते." त्याने चुलीकडे बोट केले. त्र्यंबक बायकोच्या बाजूने चारचौघांत कधी बोलला नव्हता; बोलून झाल्यावर तो स्वतःच दचकला आणि पुन्हा पाण्याचे भांडे उचलून त्यात पाहू लागला.

"काढा देते, कबूल. पण काढा देणाऱ्यानं माणसाला विचारू नये का, की तुला जायचंय कुठं?" चित्राचे डोळे भरून आले. ती तशीच होती. भांडता भांडता रडे आणि रडता रडता अधिकच तिखट बोले. "आणि वहिनी, तुम्ही ठाण्याच्या. तुमचं घर आहे तिथं, विहीर आहे, दारचा नारळ आहे. वाटलं की जाऊन येता. आमचं माहेर ते मडकं होतं हो. मी दर रविवारी कशाला येत होते असं वाटलं तुम्हाला?"

हे मात्र मंदाकिनीच्या ध्यानात कधी आले नव्हते. तिने मान वर करून नणंदेकडे पाहिले. काही बोलावेसे वाटले. पण जे बोलायचे ते दुसऱ्याच्या मालकीचे होते.

"वहिनींना बोलू नकोस, ताई."

हरिहर चौकटीपासून सुटा झाला होता. उजेड त्याच्या पाठीमागे असल्याने चेहरा दिसत नव्हता.

"मी सांगितलं त्यांना कुटायला. मला बरोबर न्यायला हवं होतं. कुणाला बोलू नका असंही मीच सांगितलं. आज जेवणं झाल्यावर सांगणार होतो."

जिजी मडक्याच्या काठावरून बोट फिरवीत होत्या. ते थांबले नाही.

"म्हणजे तू राहत नाहीस," चित्रा म्हणाली.

"नाही."

"पहिल्या दिवशी म्हणालास..."

"बघू म्हणालो होतो."

"बघू म्हणजे काय रे? म्हातारीला पंधरा दिवस आशेवर झुलवायचं, म्हणजे बघू?"

"मग काय म्हणायचं होतं? ती दारातच उभी होती. बॅगही हातातून घेतली नव्हती कुणी, आणि ती म्हणाली, हरी, जोतं शाबूत आहे." त्याने चित्राकडे वळून पाहिले. "काय म्हणायचं होतं, ते तू सांग ना."

त्र्यंबक खाकरला. "व्यवहारानं पाहिलं तर हरीचं बरोबर आहे. पक्की नोकरी..."

"व्यवहार नको, दादा. नोकरीचं कारण नाही." हरिहर खाली बसला, जिजींच्या समोर, पण हाताच्या अंतरापलीकडे. "जिजी, ज्याच्या गंजीत आपण लपलो, त्याच्याकडूनच अर्धं रान सोडवून घ्यायचं?"

"धाकूशी माझं बोलणं झालंय," जिजी म्हणाल्या. "दिवाळीत आला होता, तेव्हाच. तो म्हणाला, आक्का, अर्ध्यात माझं भागतंय, तुम्ही या. तो स्वतःच्या तोंडानं म्हणाला."

"तो म्हणेल. तो तसाच आहे. म्हणून तर नको."

"आणि दुसरं?"

"दुसरं काय?"

"दुसरं आहे तुझ्या पोटात. ते सांग."

हरिहरने जमिनीवर बोटाने एक रेघ ओढली, ती पुसली. "त्या रात्री चावडीपुढं गाव उभं होतं, जिजी. आग लावणारे बाहेरचे होते म्हणतात. असतील. पण बघणारे आपले होते. ज्यांच्याबरोबर मी नदीवर पोहलो ते. कुणी पुढं आलं नाही, कुणी मागं हटलं नाही. नुसते बघत होते, होळी बघावी तसे. आता ते मला राम राम घालतील, मी त्यांना घालीन. सुगीला बोलावतील, मी जाईन. मला तो राम राम जमणार नाही. मी तिथं दर सकाळी उठून काय करू?"

"पेर," जिजी म्हणाल्या.

एवढेच म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, अगदी वेगळ्या, दूरच्या आवाजात, "आत्ता फुलावर असेल. हरभऱ्याच्या कडेनं पट्टा धरलेला असतो धाकूनं. सकाळी गेलं तर सगळं निळं. आणि जेवणं आटोपून परत यावं तो एकही फूल नाही, पाकळ्या सगळ्या खाली. मी नवी नवरी होते तेव्हा रडले होते, मला वाटलं माझ्या नजरेनं झालं. तुमची आजी हसली. म्हणाली, अगं, उद्या सकाळी ये." त्यांनी मंदाकिनीकडे पाहिले. "तू नाही पाहिलंस. तुला कुणी नेलंच नाही."

मंदाकिनीने मान हलवली. तिने ती फुले पाहिली नव्हती, पण त्यांच्याविषयी ऐकत ऐकत तिच्या मनात त्यांचे एक रान झाले होते, कुठल्याही गावाचे नसलेले. नव्या सुनेने मडक्यात पहिली मूठ घालायची अशीही एक रीत होती. तिच्या वेळी ती झाली नाही. घर जळून आणि अण्णा जाऊन फार दिवस लोटले नव्हते, लग्न उरकले म्हणायचे इतकेच. नंतर कुणाला आठवले नाही. तिला मात्र दर वर्षी, गावाहून नवे पोते आले की, वाटत राहिले, आज जिजी म्हणतील, मंदे, तुझी मूठ राहिली आहे. त्या म्हणाल्या नाहीत. ती दाराआडून पाहत राहिली. हात कोरडा करून मगच आत घालायचा, नाहीतर दाणा ओलसर होऊन बुळबुळतो. ऊन उतरल्याशिवाय भरायचे नाही. आणि मडके कधी, कितीही नड आली तरी, पुरते खरवडायचे नाही. हे सगळे तिने असेच गोळा केले होते.

जिजींनी डबा जवळ घेतला. चिमूटभर चटणी तळहातावर घेतली, हुंगली, जिभेला लावली.

"भाजणी चांगली झालीये," त्या म्हणाल्या. "पण एवढी एकदम कुटायची नाही गं. इथल्या हवेत आठवड्यात वास लागेल. तिकडं नदीकाठी तर त्याहून लवकर. तो ती पुरवून पुरवून खाणार, आणि शेवटी खवट झालेली खाणार, टाकायची नाही म्हणून. मी ओळखते त्याला."

हे ऐकून चित्राने तोंडाला पदर लावला. हरिहर डब्याकडे पाहत होता. त्याला हे सुचले नव्हते. मंदाकिनीलाही नव्हते, इतके सगळे पाहून पाहून शिकली, आणि नेमके हेच, जे या घरात पोरासोरांना ठाऊक असते, ते त्या दुपारी बत्त्याच्या नादात विसरली. जे टिकवायचे म्हणून त्याने मागितले आणि तिने दिले, ते त्या दोघांनी मिळूनच नासायला ठेवले होते.

"मग थोडी इथं ठेवू," त्र्यंबक म्हणाला, "थोडी चित्राला..."

जिजींनी पदराने दोन्ही हात पुसले, बोटांच्या बेचक्यांपर्यंत, सावकाश. मग मडक्याच्या गळ्याची दोरी सोडली. फडके काढले. वाळलेला कडुलिंबाचा पाला वेचून शेजारी ठेवला. हात आत गेला, मनगटापर्यंत, कोपरापर्यंत, आणि खाली कुठेतरी मातीवर दाणे सरकल्याचा बारीक, रेशमी आवाज झाला.

सगळ्यांनी तो ऐकला.

जिजींचा हात आत तसाच राहिला. त्यांचा चेहरा कुणी तळघरातून हाक मारावी आणि ती ओळखू यावी तसा झाला होता.

"ही कुणी ठेवली?"

"मी, जिजी," मंदाकिनी म्हणाली.

"बुडाची मूठ ठेवायची, हे तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. तुम्ही ठेवता. बघत आले मी."

"मला का नाही बोललीस मघाशी? चित्रा एवढी बोलली, तरी?"

"ती मोजायची नसते ना," मंदाकिनी हळू म्हणाली. "म्हणून सगळंच कुटलं असं म्हटलं."

जिजी तिच्याकडे पाहत राहिल्या. इतक्या वर्षांत त्यांनी सुनेकडे अनेकदा पाहिले होते. मीठ कमी पडले तेव्हा, तुळशीला पाणी घालायचे राहिले तेव्हा. असे पाहिले नव्हते. मंदाकिनीला वाटले, आता त्या काहीतरी म्हणतील, आणि ते ऐकायला आपण सात वर्षे या चुलीपुढे बसलो आहोत. पण जिजींनी फक्त मान किंचित हलवली, स्वतःशीच, एखादी राहून गेलेली गोष्ट आपोआप होऊन गेल्यासारखी, आणि हात बाहेर काढला.

मुठीत जवस होते. घट्ट धरले तरी जवस मुठीत राहत नाही. पाण्याला असते तशी त्याला खालची ओढ असते. एकेक तपकिरी दाणा त्यांच्या बोटांच्या फटींतून सुटून लुगड्याच्या घोळात पडत होता.

"यात माळशिंग्याच्या घरातले दाणे असतील," त्या हरिहरला म्हणाल्या. "दर वर्षीचं नवं वरून घातलं, पण बूड कधी उपसलं नाही. त्या रात्री मी जे घेऊन आले, त्यातलं काहीतरी यात असणारच."

"इतकं जुनं उगवायचंही नाही, जिजी," त्र्यंबक म्हणाला. पण त्याच्या बोलण्यात जोर नव्हता.

"ते मला ठाऊक नाही." त्यांनी मूठ पुढे केली, हरिहरच्या अगदी समोर. "डबा तुझा, तो घेऊन जा. त्यावर मी काही बोलत नाही. गावकऱ्यांचं म्हणालास, तेही मी ऐकलं. तुझं खोटं नाही. मी तुला ये म्हणणार नाही आता. फक्त एवढ्या मुठीचं तू सांग, हरी. ही खलात टाकू, की परत मडक्यात ठेवू?"

बाहेर ऊन कलले होते. कुणाकडे तरी रेडिओवर गाणे लागले आणि मध्येच बंद झाले. हरिहरने हात पुढे केला, आईच्या मुठीखाली नेला, इतका जवळ की एक दाणा त्याच्या तळहातावर पडला. तो त्या दाण्याकडे पाहत राहिला. मग बोटे मिटून तो उठला.

"भावजी, जेवण..." मंदाकिनीच्या तोंडून गेले.

त्याने दारातल्या वहाणा पायांत सरकवल्या. डबा तिथेच, झाकण उघडे, जमिनीवर राहिला. चित्रा त्याच्या मागे दोन पावले गेली आणि उंबरठ्याशी थांबली.

जिजींची मूठ अजून तशीच पुढे होती, समोर कुणी नसताना, आणि दाणे गळत होते. मंदाकिनीने पिठाचे हात पदराला खसाखसा पुसले, कोरडे होईपर्यंत पुसले, आणि ओंजळ करून ती सासूच्या मुठीखाली धरली.

तिथून तिला मागचे दार दिसत होते. विहिरीपलीकडे कापणी झालेल्या भातशेताची धसकटे पसरलेली होती आणि त्यांच्यातून, बांध सोडून, हरिहर चालला होता. एक हात मोकळा हलत होता. दुसऱ्याची मूठ मिटलेली होती.